समोरून पाहिलेली सोनकळी

तुळसाबाईनं 'संगीत सोनकळी' हे नाटक एकतीस वेळा पाहिलं होतं, आणि एकदाही समोरून पाहिलं नव्हतं.

घाटंजीहून बारा-तेरा किलोमीटरवर बोरगव्हाण नावाचं गाव आहे. तिथं दर हनुमान जयंतीला हे नाटक होतं. तूर घरात आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते, हाताला काम नसतं आणि डोक्यावर ऊन असतं. अशा दिवसांत गावाला काहीतरी हवं असतं आणि ते सोनकळी देते. राजाची मुलगी सोनकळी आणि राजवाड्याच्या बागेतला माळी यांचं जुळतं, राजा आडवा येतो, माळ्याला हाकलतो, बाग वाळते, शेवटी राजा नमतो आणि बागेला पुन्हा पाणी मिळतं. गोष्ट एवढीच, पण तिच्यात बावीस पदं आहेत. गावाला ती सगळी पाठ आहेत आणि प्रत्येक पदाला 'वन्स मोअर' द्यायचाच असा गावाचा शिरस्ता आहे. वन्स मोअर आला की नटानं पद पुन्हा म्हणायचं. नाही म्हणायची रीत नाही. दोन माणसांमध्ये भांडण असलं तरी एकानं मागितलेला वन्स मोअर दुसऱ्यानं नाकारल्याचं बोरगव्हाणात कुणी ऐकलेलं नाही.

पदं पाठ असली तरी वाक्यं मात्र कुणालाच पाठ नाहीत. पाठ करायची कधी गरजच पडली नाही, कारण विंगेत तुळसाबाई असते.

नाटक लिहिलं गुरुजींनी, म्हणजे तुळसाबाईच्या सासऱ्यांनी. गावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म काढला. ते ओसरीवर तालमी घ्यायचे आणि आत चुलीपाशी नवी सून भाकरी थापायची. ओसरीवरची मंडळी दोन महिने घोकूनही जे विसरायची, ते आत तव्यासमोर बसलेल्या सुनेच्या डोक्यात आपोआप जाऊन बसायचं. एका वर्षी ऐन प्रयोगाच्या दिवशी मागून वाक्यं सांगणारा माणूस तापानं फणफणला. गुरुजी कपाळाला हात लावून बसले. तेव्हा आतल्या दाराआडून सून म्हणाली, "मामाजी, मले येते सारं."

गुरुजींनी बराच वेळ दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "पदर नीट घे अन् चाल."

एका दिवसापुरती गेलेली तुळसाबाई एकतीस वर्षं तिथंच बसली. पुढं गुरुजी गेले. त्यांनी हातानं लिहिलेली नाटकाची वही वाळवीनं खाल्ली. गावात कुणी हळहळलंसुद्धा नाही. वही गेली तर गेली, तुळसाबाई हाय ना, असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागले.

प्रेक्षकांच्या डाव्या हाताच्या विंगेत तेलाचा एक डबा उपडा घातलेला असे, त्यावर पोतं. ती तिची जागा. तिथं बसून ती असं काही कुजबुजायची की नटाला लख्ख ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला सुगावाही लागू नये. कुणाला किती द्यायचं याचा तिचा हिशेब पक्का होता. माळ्याचं काम करणारे बापूजी, त्यांना पहिला शब्द पुरे. सोनकळीचं काम करणारी उज्ज्वला, म्हणजे गावची अंगणवाडी सेविका, तिला दोन शब्द लागत. राजाला मात्र अख्खं वाक्य भरवावं लागे, तेही घास घास करून.

पण तिथून दिसायचं काय? नट प्रेक्षकांकडं तोंड करून उभे, आणि ही त्यांच्या उजव्या अंगाला. बावीस पदांचं नाटक तुळसाबाईनं उजव्या कानांच्या ओळीसारखं पाहिलं. बापूजींच्या उजव्या कानामागं तीळ आहे हे त्यांच्या बायकोलाही माहीत नसेल, तिला माहीत होतं. कुणी अडलं की ते विंगेकडं मान वळवायचं. त्या घडीला तिचं लक्ष फक्त त्याच्या ओठांवर. वाक्य आलं का, नाही आलं, द्यावं का, थांबावं. चुलीवरच्या दुधाकडं बघतात तसं. दुधाकडं बघणाऱ्या बाईला स्वयंपाकघराची शोभा दिसत नाही.

त्यात शेजारीण इंदूबाई. इंदूबाईचा मान पहिल्या रांगेचा, कारण तिचे मालक हनुमान मंदिराच्या कमिटीत. दर वर्षी नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुळसाबाईच्या ओट्यावर येऊन बसायची, चहा घ्यायची आणि नाटक सांगायची. नाटक कुणाला सांगते आहे याचा विचार तिला कधी शिवला नाही.

"तुळसे, तुले काय सांगू," ती म्हणायची. "सोनकळी जिना उतरून आली ना, असं वाटे का लक्षुमीच उतरून राह्यली. तुले नाई समजणार ते. समोरून पाह्यलं म्हंजे समजते."

"हाव माय," तुळसाबाई म्हणायची आणि बशीत चहा ओतायची. वाईट वाटायचं तिला, चांगलंच वाटायचं. पण इंदूबाईवर रागावून काय होणार? ती खरंच सांगत होती.

एकदा तिनं प्रयत्न करून पाहिला होता. तेव्हा वही अजून वाळवीच्या तावडीत गेली नव्हती. नवऱ्याला, म्हणजे यज्ञेश्वररावांना, तिनं वही देऊन डब्यावर बसवलं आणि स्वतः नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली. यज्ञेश्वरराव शांत आणि सरळ माणूस. त्यांनी तलाठ्यानं सातबारा वाचावा तसं नाटक वाचायला सुरुवात केली, न थांबता, सर्वांची वाक्यं एका सुरात. दुसऱ्याच प्रवेशात बापूजींनी राजाचं वाक्य म्हटलं, राजानं सोनकळीचं म्हटलं आणि सोनकळी रडकुंडीला आली. गाव हसायला लागलं. मग कुणीतरी ओरडलं, "तुळसाबाईले बलवा," आणि तिसऱ्या रांगेतून उठून, लोकांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत तिला विंगेत जावं लागलं. त्यानंतर तिनं तो नाद सोडला. सोडला म्हणजे बोलायचा सोडला. मनातून काही जात नाही.

आणि मग अंकुर आला.

अंकुर बापूजींचा पुतण्या. यवतमाळात लग्नांचं शूटिंग करतो, स्वतःचा कॅमेरा आहे, पुण्याला एक वर्षाचा सिनेमाचा कोर्स करून आलेला आहे. त्या कोर्सात त्यानं जुने अमेरिकन सिनेमे पाहिले होते, जे मुळात तिकडची संगीत नाटकं होती. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. डिसेंबरात तो तुळसाबाईच्या ओसरीवर येऊन बसला.

"काकू, त्या हॉलिवूडवाल्याइनं काय केलं ठाऊक हाय का? नाटकातली गाणी घेतली तशीच, अन् बाकी सारं खरं घेतलं. खरे रस्ते, खरे डोंगर. माणूस रस्त्यानं चालते चालते गाऊन राह्यला, कोणाले इचित्र नाई वाटत. आपली सोनकळी का कमी हाय त्याहून?"

"सिनेमा करतं तू सोनकळीचा?"

"हाव. पन नाटक तुमच्या डोक्यात हाय. आधी ते कागदावर पाहिजे."

दहा दुपारी ते चाललं. तुळसाबाई तूर निवडत सांगायची आणि अंकुर लॅपटॉपवर लिहायचा. सगळं उतरल्यावर त्यानं कापायला घेतलं. बावीस पदांची आठ केली. स्वगतं सगळी काढली. कॅमेरा तोंडाजवळ गेला की माणसाच्या मनात काय आहे ते दिसतं, सांगावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. तुळसाबाई भेंडीची देठं उडताना बघावीत तशी बघत होती. सासऱ्यांच्या हातचं एक एक पद जात होतं, पण तिनं जीभ आवरली. फक्त एका ठिकाणी तिनं तुरीचं सूप खाली ठेवलं.

माळ्याला राजा हाकलतो आणि तो शेवटचं पाणी घालायला बागेत येतो, तिथलं पद होतं ते. 'कोण्या झाडा घालू पाणी, अवघी बाग तहानेली.' हातात एक लोटा, समोर सगळी बाग. अंकुर म्हणाला, इथं गोष्ट थांबते, हे अर्धं करू.

"नाई," तुळसाबाई म्हणाली. "बाकी जे कापाचं ते काप. मामाजींनी हे पद लिवलं तवा बावड्या आटल्या होत्या. हे पुरं राहू दे."

अंकुरनं ते पुरं ठेवलं. मग लॅपटॉप मिटता मिटता तो सहज म्हणाला, "अन् काकू, सिनेमात प्रॉम्प्टर नसते. एक एक वाक्य पाठ कराचं अन् बोलाचं. चुकलं तं पुन्हा घ्याचं."

सूप पुन्हा मांडीवर घेता घेता तुळसाबाई थांबली. "म्हंजे मले समोर बसता येईन?"

"माह्या बाजूले, कॅमेऱ्याजवळ. खुर्ची टाकून देतो."

त्या दिवशी संध्याकाळी तिनं यज्ञेश्वररावांना दोनदा विचारलं की नवी साडी नेसावी की नेहमीची. ते म्हणाले, तुले पाहणारं कोन हाय तिथं. ती म्हणाली, मले पाह्यचं हाय, त्यासाठीच तं.

शूटिंग जानेवारीच्या शेवटी बापूजींच्याच संत्र्याच्या बागेत सुरू झालं. आंबिया बहाराची फुलं लागली होती, वास सगळीकडं दरवळत होता. बापूजी वीस-पंचवीस वर्षं पुठ्ठ्याच्या झाडांना पाणी घालत आले होते. आता खऱ्या झाडांपुढं लोटा घेऊन उभं राहिल्यावर त्यांनाच हसू यायला लागलं, कारण त्या झाडांना पाणी ठिबकनं मिळत होतं. राजाच्या बागेत काळ्या नळ्या दिसतात म्हणून अंकुर पहाटेपासून त्या पाल्याखाली लपवत होता. नाटकात पेटी वाजवणारा खेमसिंग तांड्यावरून पेटी घेऊन आला होता. आधी गाणी रेकॉर्ड करून मग नुसते ओठ हलवायचे, असं अंकुरनं सुचवून पाहिलं होतं. बापूजी म्हणाले, गळ्यातून निघाल्याबिगर माह्ये ओठ हालत नाई. मग पदं तिथंच, झाडांमध्ये, थेट गायची असं ठरलं.

तुळसाबाई अंजिरी रंगाची साडी नेसून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. समोर बाग, बागेत बापूजी, धोतर-बाराबंदीत. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्यांचे दोन्ही कान एकदम दिसले.

अंकुर म्हणाला, "ॲक्शन."

बापूजींनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मान उजवीकडं वळवली. तिकडं एक संत्र्याचं झाड होतं. झाड काही बोललं नाही. सकाळी घरी बायकोला घडाघड म्हणून दाखवलेलं वाक्य बापूजींच्या तोंडातून गेलं ते गेलंच.

"काका, तिकडे कायले पाहून राह्यले?"

"पाह्यलं का मी?"

पुन्हा घेतलं. पुन्हा मान उजवीकडं. उज्ज्वला हुशार बाई, अंगणवाडीची सगळी माहिती तोंडपाठ असणारी, पण तिचीही तीच गत. वाक्य येण्याआधी डोळे उजवीकडं जायचे आणि तिथं झाड बघून वाक्य परतायचं. राजा तर नुसता झाडासमोर जाऊन उभा राहिला. एकदा कसंबसं बापूजींनी वाक्य संपवून पद गायलं, पण कुंपणाशी अर्धं गाव जमलेलं होतं. पद संपताच तिकडून आवाज आला, "वन्स मोअर." बापूजींनी हात जोडले आणि पद पुन्हा पहिल्यापासून उचललं. अंकुर "कट, कट" म्हणत होता. बापूजींना ते ऐकू येत होतं, पण वन्स मोअर मोडायचा कसा? ते तिसऱ्या कडव्याला पोचेपर्यंत अंकुर मांडी घालून खाली बसला होता.

दुपारपर्यंत पाच वाक्यं झाली. मंडळी बांधावर जेवायला बसली. अंकुर भाकरीचा तुकडा हातात धरून तुळसाबाईकडं पाहत राहिला. तो का पाहतो आहे हे तिला कळलं. तिला ते न कळतं तर बरं झालं असतं.

"काकू," तो शेवटी म्हणाला, "त्या झाडामांगं जरासं बसता का?"

तिला रडू आलं. एवढी वर्षं सोसली, आणि आता समोर बसून अर्धा दिवस झाला नाही तर पुन्हा मागं. पण रुसून बसणारी बाई ती नव्हती. तिनं खुर्ची स्वतः उचलली, झाडामागं नेली, मग ती खुर्ची दिसते म्हणून तीही परत पाठवली आणि ठिबकच्या नळीशेजारी मातीवर बसली. मनाची समजूत तिनं अशी घातली की सिनेमा काही इथं बसून बघायचा नसतो. अंकुरचा कॅमेरा समोरून बघतोच आहे. पडद्यावर आला की मीही समोरून बघेन. आज नाही तर महिन्याभरानं.

नाटक ओढ्यासारखं वाहायला लागलं. बापूजींनी मान वळवली, झाडाच्या बुंध्याशी अंजिरी पदर दिसला, ओठ हलले, आणि वाक्य आलं. उज्ज्वलाचं आलं. राजाचंसुद्धा आलं. संध्याकाळपर्यंत दोन प्रवेश झाले आणि सगळे खुशीत बांधावर चहा घेत बसले. अंकुर सोडून.

त्यानं तुळसाबाईला लॅपटॉप दाखवला. बापूजी प्रेमाचं बोलत होते, पण डोळे सगळे एका बाजूला. सोनकळी त्यांना उत्तर देत होती, तीही दुसरीकडंच बघत. दोघं प्रेमात पडलेली नाहीत, कुणीतरी येईल म्हणून भ्यालेली आहेत, असं दिसत होतं.

"हे असंच राह्यलं तं सिनेमा नाई होत, काकू," अंकुर म्हणाला. "नाटकात चालून जाते. कॅमेऱ्यात डोये पकडले जातात. आता याइले आदत सोडाले लावणं म्हंजे..."

"नाई सुटत ते," तुळसाबाई म्हणाली.

ती त्या छोट्या पडद्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बोट ठेवलं, बापूजींच्या डोळ्यांवर. "हे माह्याकडं पाहून राह्यले. मंग कॅमेरा तिकडे ठेवून काय फायदा? माह्याजवळ आन ना त्याले. मी खाली बसतो, तू माह्या डोक्यावरून घे."

अंकुरनं तिच्याकडं पाहिलं, बागेकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. आपल्याला हे आधी का सुचलं नाही याचीच त्याला लाज वाटली असावी. "पन काकू," तो हळूच म्हणाला, "मंग समोरून काईच येणार नाई सिनेमात. सारं तुमच्याच बाजूनं येईन."

"ठाऊक हाय मले."

हे वाक्य तिला सोपं गेलं असं कुणी समजू नये. बोलून झाल्यावर ती बांधावरून उठली आणि उगाच एका झाडाची वाळकी पानं काढत राहिली. समोरून बघायची होती नव्हती ती एवढी एकच वाट होती, आणि ती तिनं आपल्या हातानं बुजवली होती. सोनकळी तर नीट व्हायला हवी ना? गुरुजींचं नाटक भ्यालेल्या माणसांचं दिसावं, हे तिला त्याहून सोसवलं नसतं.

पुढचे आठ दिवस कॅमेऱ्याच्या तीन पायांमध्ये तुळसाबाई बसली. जिथं प्रवेश असेल तिथं. बागेत मातीवर, राजवाड्यासाठी घाटंजीतल्या एका जुन्या घराच्या जिन्याखाली, नदीच्या वाळूत. कॅमेरा तिच्या डोक्यावरून बघायचा आणि ती त्याच्याखालून बघायची. वन्स मोअरचं काय करायचं हेही अंकुर शिकला. पद संपलं की तो स्वतःच आधी वन्स मोअर द्यायचा आणि दुसऱ्या वेळचं वापरायचा. बापूजी दुसऱ्या वेळीच मोकळे गातात हे त्याच्या लक्षात आलं होतं.

सिनेमा हनुमान जयंतीच्या आदल्या रविवारी दाखवायचं ठरलं, भर दुपारी, शाळेच्या सभागृहात. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. भिंतीवर पांढरं कापड. तुळसाबाईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, इंदूबाईच्या शेजारी. यज्ञेश्वरराव मागं कुठंतरी पंख्याखाली बसले.

"आता पाह्य," इंदूबाई तिच्या मांडीवर थाप मारून म्हणाली. "आता तुले समजन, समोरून काय मजा येते ते."

तुळसाबाई हसली. काय दिसणार आहे ते तिला ठाऊक होतं. तेच, जे एकतीस वेळा पाहिलं. इंदूबाईला सांगून तिचा उत्साह कशाला घालवायचा, म्हणून ती गप्प बसली.

सिनेमा सुरू झाला आणि थोडा वेळ सभागृहात चुळबुळ झाली. हे कोण्या बाजूनं घेतलं रे, असं मागून कुणीतरी म्हणालं. गावाला सोनकळी जिथून बघायची सवय होती तिथून ती दिसत नव्हती. माणसं प्रेक्षकांकडं बघून हातवारे करत नव्हती. ती कुणाकडं तरी वळत होती, आणि वळली की त्यांचं अख्खं तोंड पडदाभर व्हायचं. हळूहळू चुळबुळ थांबली. उज्ज्वला जिना उतरून आली, थांबली, वळली आणि तिनं थेट पहिल्या रांगेकडं पाहिलं.

तुळसाबाईला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. तिचे ओठ हलत होते. राजाला वाक्य हवंय, दे. उज्ज्वला अडेल, दोन शब्द दे. पडद्यावरच्या माणसांना आता कशाची गरज नाही हे तिच्या डोक्याला कळत होतं, जिभेला कळत नव्हतं. बाग आली. बापूजी लोटा घेऊन आले. पदाआधीच्या वाक्याचा पहिला शब्द तिनं कुजबुजून दिला, मग सगळं पद ओठातल्या ओठात त्यांच्याबरोबर म्हटलं. 'कोण्या झाडा घालू पाणी, अवघी बाग तहानेली.' पद संपलं.

"वन्स मोअर," सभागृह एकदम म्हणालं.

सवय जाते कुठं? अंकुर लॅपटॉपशी बसला होता. त्यानं पळभर विचार केला आणि सिनेमा मागं नेला. बापूजी पुन्हा लोटा घेऊन बागेत आले.

या खेपेला तुळसाबाईनं पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. एकदा दिलेलं वाक्य पुन्हा कशाला द्यायचं, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि ओठ गप्प झाल्यावर, ओठांकडं बघायचं काम संपल्यावर, तिची नजर वर गेली.

बापूजींनी मान वळवली. वाक्य यायच्या आधी एक क्षण जातो, तो गेला. त्या क्षणात त्यांच्या डोळ्यांत काय असतं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. जत्रेच्या गर्दीत चुकलेल्या माणसाला आपलं माणूस दिसावं, तसे ते डोळे झाले. साठी उलटलेला, सुटलेल्या पोटाचा तो शेतकरी तिच्याकडं बघून निर्धास्त झाला आणि मग त्याला वाक्य आलं. मघाशी अशाच वळलेल्या उज्ज्वलाच्या डोळ्यांतही तेच असणार. राजाच्याही. सगळे तिच्याकडं बघूनच राजा होत होते, राजकन्या होत होते. ती तेवढी त्यांच्या ओठांवर नजर खिळवून वाक्याची वाट बघत बसली होती, एकतीस वर्षं. तुळसाबाईला रडू फुटलं. तिनं ते थांबवलं नाही, अंधारच होता.

पद दुसऱ्यांदा संपलं. टाळ्या पडल्या. इंदूबाईनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. पडद्यावरची माणसं कुणाकडं वळतात ते तिला उमगलं होतं, आणि ती वळून अंधारात शेजारणीच्या तोंडाकडं बघत होती.

"तुळसे," ती म्हणाली, "तुले हे दरसाल असं दिसे?"

"हाव."

इंदूबाईनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "अन् मी तुह्या ओट्यावर येऊन तुलेच नाटक सांगो. तू मले एका वर्सी तरी गप्प बस काहून नाई म्हटलं?"

तुळसाबाईनं डोळे पुसले आणि तिचा हात हातात घेतला. "आता बस गप्प," ती म्हणाली. "राजा येऊन राह्यला."

पडद्यावर राजा आला, थांबला, त्यानं मान वळवली. तुळसाबाई त्याच्याकडं नुसती बघत राहिली. त्याचं वाक्य त्याला आलं.